एक दिवस डाळिंबी, एक दिवस पिवळं

माझ्या नातवाला मला हिंडवून आणायची फार हौस. परवा रविवारी त्यानं टॅक्सी केली आणि मला मलबार हिलवर नेलं. वाटेत मला समजावत होता, "आजी, तुझ्या गुडघ्यांना मुळीच त्रास नाही. गाडी अगदी जवळ थांबते. मग दीडदोनशे पावलं, तीही सपाट. म्हातारीकोतारी, पांगळी माणसंसुद्धा येतात. आणि तिथून खाली काय दिसतं म्हणून सांगू!" मी म्हटलं, "सांग." तर तो बिचारा सांगत राहिला आणि मी ऐकून घेतलं. ती पावलं मी त्याच्या बापाच्या जन्माआधी मोजून ठेवलेली आहेत हे त्याला काय ठाऊक? एकशे बासष्ट भरायची. दहा वर्षांच्या पोरीच्या पावलांची, एका हाताला आंधळी होत चाललेली आत्या धरून.

आता तिथं बाग आहे, बाकं आहेत, चणेवाले आहेत, आणि दिवे लागले की खालच्या समुद्राच्या काठाला दिव्यांची माळ दिसते म्हणून लोक पोरंबाळं घेऊन ताटकळत उभे असतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. डोंगराच्या अंगानं जाणारा तांबड्या मातीचा रस्ता होता, रस्त्याला एक वळण होतं, वळणावर करंजाचं झाड आणि काळ्या दगडाचा कमरेइतका कठडा. कठड्यापलीकडे डोंगर एकदम तुटायचा. खाली समुद्राच्या आणि वस्तीच्या मधल्या खोलगट जागेत नुसते माड. बंगल्यावरचा माळी त्याला दरीच म्हणायचा. त्या माडांच्या शेंड्यांमधून कुठं कौलं डोकवायची, कुठं देवळाचा कळस, कुठं एखादी गच्ची. साहेबलोक बग्ग्या थांबवून ती शोभा बघायचे. ती शोभा म्हणजे आमचं गिरगाव. त्यातली एक गच्ची आमची.

आमचं बिऱ्हाड गिरगावातल्या एका वाडीत, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, पुढं गॅलरी आणि डोक्यावर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून गच्ची. वडील कराचीला बंदरावर कारकून होते, वर्षातून एकदा आगबोटीनं येत. घरात आई, मी, पाच वर्षांचा बंडू आणि आजोबा. आजोबांना अर्धांग झालेलं. उजवी बाजू पार गेलेली, जीभ मात्र शाबूत. खाटेवर पडल्या पडल्या ते सगळ्या वाडीवर राज्य करायचे. कुणाच्या घरी आज काय फोडणीला पडलं हे वासावरून ओळखून ते आईला सांगत, "सूनबाई, बापूकडे आज आमसुलाचं सार दिसतंय." आई म्हणायची, "मामंजी, आपल्याकडेही तेच आहे." आजोबा म्हणायचे, "मग वास तिकडून का येतो?" असं आमचं घर चालायचं. पहाटे विहिरीवर रहाटाचा आवाज, मग आईच्या ओल्या पावलांचा जिन्यावर थपथप आवाज, मग गच्चीवर लुगडं झटकल्याचा फटकारा. त्या फटकाऱ्यानं मी जागी व्हायची.

हे लुगडं म्हणजे सोवळ्याचं. आताच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. आई न्हायली की सोवळ्याचं लुगडं धुवायची आणि ते गच्चीवर उंच बांधलेल्या वेळूवर काठीनं वाळत घालायची, कुणाचा हात पोचू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी न्हाऊन तेच नेसायची आणि पूजा, स्वैपाक, आजोबांचं जेवण सगळं त्यात. मधे कुणाचं बोट लागलं की विटाळलं, पुन्हा धुणं आलं. नेसल्यावर तर आम्हां पोरांना तिच्या जवळपासही जाता यायचं नाही. "शिवू नका रे, सोवळ्यात आहे," हे वाक्य आईच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. तिच्याकडे अशी दोन लुगडी होती. एक डाळिंबी, एक पिवळं. पाळीपाळीनं वाळायची.

त्या वर्षी गाठीचा ताप गिरगावात शिरला. आधी उंदीर मेले, मग माणसं. घरोघर तपासणीचे लोक हिंडू लागले. ज्याचं अंग गरम लागेल त्याला डोलीत घालून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना मैदानावरच्या झोपड्यांत. लोक तापापेक्षा डोलीला जास्त भ्यायले होते. ज्यांना जमलं ते गाव सोडून निघाले. आमचं अडलं आजोबांवर. अर्धांगाच्या माणसाला खाटेवर घालून रस्त्यानं न्यायचं म्हणजे पहिल्याच नाक्यावर शिपाई विचारणार, याला काय झालंय? आजोबा म्हणाले, "मला हलवलंत तर वाटेत मला नेतील. मी इथंच मरेन. तुम्ही जा." आई म्हणाली, "मामंजी, तुम्हांला पाणी कोण देईल?" झालं. आईनं आम्हां दोघांना आत्याकडे पाठवायचं ठरवलं.

आत्या म्हणजे आजोबांची थोरली मुलगी. लहानपणीच विधवा झालेली, अंगावर अलवण, हाडाची काटक, जिभेची तिखट. मलबार हिलवर एका शेटजींच्या बंगल्यावर ती स्वैपाकीण होती. शेटजींचं सगळं कुटुंब ताप सुरू होताच नाशिकला गेलं होतं. मागं राहिले एक भय्या, एक माळी आणि मागच्या अंगणातल्या खोलीत आत्या. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजेड कळे, माणसाची आकृती कळे, हातभर अंतरावरचा रंग कळे, पण लांबचं म्हणाल तर धुकं. धन्याला कळलं तर चूल जाईल म्हणून ती हे कुणाला सांगत नसे. भाजीत मीठ बोटानं मापायची, दूध उतू जातंय हे कानानं ओळखायची.

आम्हांला न्यायला बैलगाडी आली ती भर सकाळची. आई चुलीपाशी होती, पिवळ्या सोवळ्यात. मी आणि बंडू उंबऱ्यात उभे राहिलो. बंडूनं हात पुढं केले तशी ती मागं सरकली. "शिवू नको रे राजा, मामंजींचं जेवण व्हायचंय." आणि मग तिचा चेहरा असा झाला की अजून मला तो आठवतो. क्षणभर तिला वाटलं असावं की जाऊ दे ते सोवळं. पण आत आजोबा उपाशी होते आणि पुन्हा न्हायला विहिरीवर जायचं तर खाली तपासणीवाले उभे. तिनं ओच्यातून दोन लाडू काढले, जमिनीवर ठेवले, म्हणाली, "उचला." आम्ही ते उचलले. हा आमचा निरोप. लोकांना आईची शेवटची मिठी आठवते, मला जमिनीवरचा लाडू आठवतो.

जिन्यात मात्र तिनं मला हाक मारली आणि वरूनच सांगितलं, "यमे, आत्याच्या बंगल्यापुढं वळणावर कठडा आहे ना, तिथून आपली गच्ची दिसते. मागं आपण गेलो होतो तेव्हा दाखवली होती. रोज सकाळी बघत जा. एक दिवस डाळिंबी, एक दिवस पिवळं. रंग बदलला की समजायचं, आई आज न्हायली, आज तिनं चूल पेटवली. सोवळ्याला दुसरं कुणी हात लावणार नाही, तेव्हा ते वाळतंय म्हणजे मीच घातलं." आईला लिहिता येत नव्हतं आणि आजोबांचा लिहिता हात गेलेला. तेव्हा हेच आमचं टपाल. मला तेव्हा आईच्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

बंगल्याचे पहिले दिवस खरं सांगायचं तर मजेत गेले. हे लिहिताना लाज वाटते, पण गेले ते गेले. एवढी मोकळी जागा आम्हांला खेळायला जन्मात मिळाली नव्हती. माळीदादा कोकणातला, रत्नागिरीकडचा, भेगाळल्या पायांचा आणि गोड बोलण्याचा. बंडूला खांद्यावर घेऊन तो जास्वंदीची फुलं तोडायला लावायचा. दुपारी आत्या मुगाची खिचडी करी, वर कडकडीत तूप, बरोबर भाजलेला पापड. शेटजींच्या भांडारातलं तूप होतं ते, आणि आत्या आम्हांला वाढताना म्हणायची, "खा, शेटजींच्या पुण्याईनं." पलीकडे पारशांचं मसणवट होतं, तिथल्या दाट झाडीवर गिधाडं फिरत असायची, तिकडं बघू नका म्हणायची. वारा खालून आला तर कधी सोनापुरातल्या चितांचा धूर यायचा. तेव्हा ती खिडकी लावून घ्यायची.

एक गोष्ट मात्र भय्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. शेटजींचा हुकूम होता. "जो नीचे गाँव में गया, वो फिर फाटक के अंदर नहीं आयेगा. बाई, आप भी नहीं." आत आल्यावर आत्या मला म्हणाली, "ऐकलंस ना? ज्या दिवशी रंग बदलायचा नाही त्या दिवशी मी खाली जाईन. माझा बाप आहे तिथं, आणि वहिनी एकटी आहे. मग मला काही परत घेणार नाहीत. तू आणि बंडू माळीदादाजवळ राहायचं, तुझे वडील येईपर्यंत. मोठी आहेस तू." मी मान डोलावली. माळीदादा चांगला होता, पण तो रात्री ताडी प्यायचा आणि मोठ्यानं रडायचा. मला त्याची भीती वाटे. शिवाय वडील कधी येणार? आगबोटी बंदराबाहेर अडवून ठेवतात असं ऐकू येत होतं.

तर रोज सकाळी आत्याचं न्हाणं झालं की ती, मी आणि बंडू फाटकातून निघायचो. रस्ता सपाट, आत्याला ठेच लागण्यासारखं काही नाही. तरी ती माझा हात घट्ट धरायची. सोवळ्याओवळ्याची एवढी कडक बाई, पण त्या वाटेवर माझा हात धरायची आणि परत येऊन पुन्हा न्हायची. मी पावलं मोजायची. एकशे बासष्ट झाली की कठडा. बंडू कठड्यावर चढून बसे. आत्या विचारी, "दिसतंय का गं?" मी म्हणे, "दिसतंय." "कुठलं?" "डाळिंबी." "कालचं?" "काल पिवळं होतं, आत्या." मग ती मोठा श्वास सोडायची आणि कठड्याकडं पाठ करून, जिथं गिरगाव नाही तिथं, हात जोडायची. मी तिला सांगायची, आत्या, गिरगाव इकडं आहे. ती म्हणायची, "देवाला ठाऊक आहे कुठं आहे ते." असे अकरा दिवस गेले. लुगडं म्हणजे बोटाच्या पेराएवढा रंग, पण माडांच्या हिरव्यात तो स्पष्ट दिसे.

कठड्यापाशी रोज एक म्हातारे पारशी गृहस्थ बग्गीतून येत. डोक्यावर काळी पगडी, पायाला कसलंसं दुखणं. तेही म्हणे डॉक्टरनं सांगितलं म्हणून त्या सपाट वाटेवर चार पावलं टाकायला यायचे. गळ्यात दुर्बीण. समुद्रातली जहाजं बघायचे आणि स्वतःशीच नावं सांगायचे. आमच्याशी कधी बोलले नव्हते.

बाराव्या दिवशी, सोमवार होता, डाळिंबी. ठीक. मंगळवारी पिवळं असायला हवं होतं.

मी एकशे बासष्ट पावलं मोजली, कठड्याला हात लावला आणि खाली पाहिलं. डाळिंबी. मी डोळे चोळले. माडाचं पान मधे आलं असेल म्हणून बाजूला सरकून पाहिलं. डाळिंबीच. बंडू तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला ढकललं, "जा, माळीदादा बोलावतोय, फुलं वेचायची आहेत." तो धावत गेला. आत्यानं विचारलं, "दिसतंय का गं?" "दिसतंय." "कुठलं?"

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले. नवऱ्याशी बोलले, सासूशी बोलले, सरकारशी बोलले, आणि त्यातल्या कशाचं मला फारसं दुःख नाही. पण एवढं एक. माझ्या डोळ्यांपुढं काय होतं म्हणाल तर आई नव्हती. फाटक होतं, बाहेर आत्या आणि आत आम्ही दोघं, आणि रात्री रडणारा माळीदादा. आई नाहीच तर आत्या तरी. मनात असं स्पष्ट काही नव्हतं, पण होतं ते हेच. शिवाय मी स्वतःला समजावलं की पिवळं फाटलं असेल, किंवा आज अंग दुखत असेल म्हणून आई न्हायली नसेल, उद्या न्हाईल. "पिवळं," मी म्हटलं. आत्यानं श्वास सोडला. हात जोडले. आम्ही परत आलो आणि मी खिचडी खाल्ली.

बुधवारी डाळिंबीचीच पाळी होती. त्या दिवशी मला खोटं बोलावं लागलं नाही. "डाळिंबी," मी म्हटलं आणि मला इतकं हलकं वाटलं की वाटेत मी एका पायावर लंगडी घातली. आत्या म्हणाली, "काय गं, आज स्वारी खुशीत?" पोरवय, दुसरं काय. मला खरंच वाटू लागलं होतं की मंगळवारी माझीच काहीतरी चूक झाली असेल.

गुरुवारी मी बंडूला नेलंच नाही. कठड्याशी उभी राहून खाली पाहिलं, आणि किती वेळ पाहत राहिले कोण जाणे, कारण ते पारशी म्हातारे शेवटी जवळ आले. "ए डिकरी, रोज रोज काय बघते तू? आगबोट? ले, आ दुर्बीन ले. आँखवर लाव. अस्सं." त्यांनी ती माझ्या डोळ्यांवर धरली आणि चक्र फिरवलं.

आमची गच्ची माझ्या हाताशी आली. हात पुढं केला असता तर लुगड्याला लागला असता असं वाटलं. लुगडं वाळून कडक झालं होतं आणि वाऱ्यानं त्याचा एक शेव वेळूभोवती गुंडाळला होता. खाली काठी भिंतीला टेकलेली. आणि पंच्यावर घातलेले कोहळ्याचे सांडगे. त्यांच्यावर कावळे बसले होते. पाचसहा कावळे सावकाश, कुणी हाकणारं नाही म्हणून अगदी निवांत सांडगे खात होते. माझ्या आईनं सांडगे घातले की ती आम्हां पोरांना पाळीपाळीनं राखणीला बसवायची, एक कावळा कठड्यावर उतरला तर काठी घेऊन धावायची. मी तोंड उघडलं, हाकलायला. "हूश" असं म्हटलंसुद्धा. पारशीबाबा हसले. "अरे, एवढ्या लांबून ऐकते काय तो?"

मागून आत्यानं विचारलं, "काय आहे गं? कोण आहे? दिसतंय का?" दुर्बीण माझ्या डोळ्यांवर तशीच होती. "दिसतंय." "कुठलं?" "पिवळं," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघायच्या आतच फाटकाशी कुणीतरी हाका मारल्या. वाडीतले बापूकाका होते, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले, ज्यांच्या घरच्या साराचा वास आजोबांना यायचा ते. भय्यानं त्यांना रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं केलं होतं. दाढी वाढलेली, पायात वहाण नाही. आत्या फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली, मी तिच्या पदरामागं.

"सोमवारी आले हो," बापूकाका ओरडून सांगत होते, कारण रस्ता मधे होता. "दुपारी. मी कामावर होतो. वहिनींना सकाळपासून कणकण होती म्हणे, पण त्यांनी लुगडं धुतलं, स्वैपाक केला. तपासणारणीनं हात लावून बघितला. तशीच नेली. सोवळ्यातच, पिवळ्यात."

"आणि बाबा?" आत्यानं विचारलं.

"त्यांना खाटेसकट उचललं चौघांनी. आमच्या बायकोलाही नेलं. मैदानावर झोपड्यांत आहेत दोघंही, बरी आहेत. कोणाला कुठं नेलं ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. काल संध्याकाळी परळकडच्या इस्पितळात पत्ता लागला वहिनींचा. पहाटेच गेल्या होत्या. कालच्या पहाटे."

"जवळ कोण होतं?"

"आपलं कुणी नव्हतं. दुसऱ्या बायका होत्या खाटांवर. एकीनं सांगितलं, शुद्धीत होत्या बुधवारपर्यंत. दाराकडं बघायच्या. आपल्या माणसांना आत सोडतात तिथं, आत्याबाई. मला आधी कळायला हवं होतं."

आपल्या माणसांना आत सोडतात. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, कुणाला लागावं म्हणून नाही. बुधवारी मी लंगडी घालत होते. गुरुवारी पहाटे ती गेली आणि त्यानंतर दोन तासांनी मी "पिवळं" म्हणाले. त्यानंतर फाटकाशी काय झालं ते मला आठवत नाही. भय्यासुद्धा डोळे पुसत होता आणि त्यानं फाटक उघडलं नाही, एवढं आठवतं. त्याचं तरी काय चुकलं? हुकमाचा ताबेदार तो.

मंगळवारी सांगितलं असतं तर? हा हिशोब मी इतक्या वेळा मांडला आहे की आता त्यात काही उरलं नाही. आत्या खाली गेली असती. आंधळी बाई, एकटी, तिला बापूकाका भेटले असते किंवा नसते. इस्पितळ सापडलं असतं किंवा नसतं. आई काही वाचली नसती, हे सगळेच सांगतात. पण दाराकडं बघणाऱ्या बाईला दारातून कुणीतरी येताना दिसलं असतं. तेवढंच. त्यापलीकडे माझं काही म्हणणं नाही.

गंमत बघा, ज्यांना हलवता येत नाही म्हणून आई मागं राहिली त्या आजोबांना चार शिपायांनी दोन मिनिटांत हलवलं. झोपडीतून ते सुखरूप परत आले आणि पुढं दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत कुणाच्या घरी काय शिजतंय ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

दीड महिन्यानं ताप ओसरला तेव्हा आम्ही खाली आलो. घराच्या भिंतींना चुना फासलेला, पुढच्या गॅलरीवरची कौलं ऊन यावं म्हणून काढलेली, कपडे आणि अंथरुणं वाडीच्या मैदानात जाळून टाकलेली. आईचं म्हणून काहीच शिल्लक नव्हतं. बंडू खाली बापूकाकांच्या घरी राहिला. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना चढली आणि खोल्या चाचपून झाल्यावर म्हणाली, "गच्चीवर ने."

लुगडं तसंच होतं. कपडे जाळणाऱ्यांनी गच्चीवर मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि वाडीतल्या बायका रोज तिथं वाळवणं घालत होत्या, त्याच्याखालून अंग चोरून जात होत्या, पण दुसऱ्या बाईचं सोवळं, त्याला हात कोण लावणार? सगळ्यांनी ते जपलं होतं. आईचं म्हणणं अगदी खरं ठरलं होतं.

"काढ," आत्या म्हणाली.

"आत्या, मी न्हायलेली नाही. ओवळी आहे."

"काढ म्हटलं ना."

मी काठी घेतली आणि ते खाली ओढलं. ते माझ्या अंगावर पडलं, डोक्यावरून, खांद्यांवरून. जन्मल्यापासून ज्याला शिवायचं नाही म्हणून मी दोन हात लांब राहिले ते लुगडं. त्याला आईचा कसलाही वास नव्हता. ऊन आणि धूळ, एवढाच. आत्यानं चाचपत एक शेव धरला आणि डोळ्यांना टेकेल इतका जवळ नेला. उन्हानं रंग इतका उडाला होता की तिला उमगेना. "कुठलं गं हे?" तिनं विचारलं.

"डाळिंबी," मी म्हटलं, आणि मग मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं. मंगळवार, बुधवारची लंगडी, गुरुवार, दुर्बीण, सांडगे, कावळे. आत्या मला मारील असं वाटलं, आणि तिनं मारावं असंही वाटत होतं. तिनं मारलं नाही. ती समुद्राकडं तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिला वाटलं असेल की डोंगराकडं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मंगळवारी तू पिवळं म्हणालीस ना, तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. एकदम गार पडला."

"मग तू मला पुन्हा का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला खाली जावं लागलं असतं." तिनं लुगड्याचा शेव सोडला नव्हता. "भ्याले गं मी, यमे. माझा बाप होता खाली, वहिनी होती, आणि मी भ्याले. तू पोर. तुझ्यावर काही नाही त्याचं."

परवा नातू विचारत होता, आजी, इथून तुमचं घर कुठं होतं गं? मी म्हटलं, आता दिसत नाही.

"धर ते टोक," आत्या म्हणाली, "नऊवारी आहे, एकटीला घडी नाही जमायची." मी टोक धरलं. ती गच्चीच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. आम्ही ते झटकलं, ताणलं, आणि दोघी एकमेकींकडं चालत येऊन टोकाला टोक लावलं, पुन्हा मागं गेलो, पुन्हा जवळ आलो. दर घडीला तिचे हात माझ्या हातांना लागत होते. ते गार होते.